शेवटची एसटी आणि तिसरा विषय

अर्जावर मराठी आणि इतिहास हे दोन विषय निळ्या शाईत, जपून, रेघेवर बसवून लिहिलेले होते. तिसऱ्या विषयापुढची ओळ कोरी होती. टेबलासमोर मुलगी उभी होती, शेजारी तिचे मामा. बाहेर पाऊस लागलेला, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा ढीग. तालुक्याच्या गावातल्या आमच्या कॉलेजात प्रवेश समितीच्या टेबलावर बसायला लागून मला एकवीस वर्षं झाली. कोऱ्या ओळीपाशी अडलेला असा एखादा अर्ज रोज समोर येतो.

"सर, हिला एखादा सोपा विषय बघून द्या," मामा म्हणाले. "पोस्ट काढायचीय तिला. एमपीएससीच्या अभ्यासाला वेळ राहिला पाहिजे."

मी तिलाच विचारलं, "तुला काय घ्यावंसं वाटतं?"

तिने आधी मामांकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "भूगोल आवडतो, सर. पण त्याला प्रॅक्टिकल असतं."

"मग?"

"वाडीला जाणारी शेवटची गाडी साडेचारला सुटते. प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालतं म्हणतात."

विषय कसा निवडावा यावरची पुस्तकं आवड, कल आणि करिअर यांच्याबद्दल सांगतात. टेबलावर मात्र निर्णय होतो तो एसटीच्या वेळापत्रकावर, मैत्रिणीने काय घेतलं यावर, ताईच्या जुन्या नोट्स घरात आहेत का यावर आणि कुठले सर हात सैल सोडून मार्क देतात या ऐकीव माहितीवर. ही कारणं मी कधी हसण्यावारी नेत नाही. ज्या मुलीला गाडी चुकली तर रात्री कुठे थांबायचं हा प्रश्न पडतो, तिच्यासाठी साडेचार ही वेळ कुठल्याही अभ्यासक्रमाइतकीच खरी आहे. पण या सगळ्या कारणांच्या शेजारी आणखी एक कारण मांडायला हवं आणि ते सहसा कुणी मांडत नाही. ते सांगण्याआधी, पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत नेमकं काय काय निवडायचं असतं ते पाहू.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्याप्रमाणे पदवीची नवी रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या बाकीच्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. पूर्वी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असा एक रस्ता धरला की पुढचे फाटे मोजकेच असत. आता पहिल्याच सत्राच्या अर्जावर रकानेच रकाने असतात. मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि शिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ किंवा योग यांतलं काहीतरी. आमच्याकडच्या रचनेत पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय बरोबरीने शिकायचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक 'मेजर' होतो, एक 'मायनर' होतो आणि तिसरा सुटतो. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यावं लागतं. कला शाखेच्या मुलाने विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतलं आणि विज्ञानवाल्याने बाहेरचं. हे ओपन इलेक्टिव्ह मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतच असतं. तिसऱ्या वर्षी मेजरच सगळी जागा व्यापतो. म्हणजे शेजारच्या शिवारात पाय टाकून बघायची मुभा याच दोन वर्षांत आहे.

हे सगळं क्रेडिटमध्ये मोजलं जातं. सरकारी मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात, पण मुलं क्रेडिटच म्हणतात. सत्राला २० ते २२ क्रेडिट, वर्षाला ४० ते ४४. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर ८० ते ८८ क्रेडिटवर पदविका मिळते, मात्र त्यासाठी वरचे चार क्रेडिट एखाद्या कौशल्याच्या कोर्सचे किंवा इंटर्नशिपचे मिळवावे लागतात. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधनाचा ऑनर्स हवा असेल तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात, आणि त्या सहातली चार सत्रं म्हणजे हीच दोन वर्षं. 'एफ.वाय.ला काय, पास झालं तरी पुरे' हा जुना हिशेब आता चालत नाही.

क्रेडिटच्या आत डोकावलं की त्या मुलीची अडचण कळते. वर्गातल्या व्याख्यानाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास. प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर दोन क्रेडिटच्या थिअरीला आठवड्याचे दोन तास जातात आणि दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला चार. निकालपत्रावर दोन्हींचं वजन सारखंच. एकाच मापाच्या मार्कांसाठी एक विषय दुप्पट वेळ थांबवून ठेवतो म्हटल्यावर, ज्याला गावाकडे जाऊन गुरांचं बघायचंय किंवा संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभं राहायचंय, तो प्रॅक्टिकलचा विषय टाळणारच. त्यात आळस नसतो. त्याने हिशेब केलेला असतो. फक्त त्या हिशेबात एक रक्कम धरायची राहून जाते. ते चार तास हातात काय ठेवून जातात, ती रक्कम.

निवडीचा हा प्रश्न आपल्याकडे नवा वाटतो, कारण आपल्या कॉलेजांनी बराच काळ मुलांना निवडू दिलंच नाही. इंग्रजी अमदानीत मॅट्रिकनंतर दोन वर्षांचा एक टप्पा असे. मद्रासेकडे त्याला एफ.ए. म्हणत, आपल्याकडे पुढे त्याचं 'इंटर' झालं. एफ.ए.ला सगळे विषय सगळ्यांना आणि प्रत्येकात पास व्हायलाच हवं. श्रीनिवास रामानुजन याच टप्प्यावर अडले. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात ते शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणितापलीकडे कशात लक्ष लागेना, इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजातून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तिथे शरीरशास्त्रही सक्तीचं होतं. १९०६ आणि १९०७, दोन्ही वर्षी एफ.ए. नापास. ज्यांच्या वह्यांवर गणिती पुढे शतकभर काम करणार होते, त्यांना कॉलेजची पहिली दोन वर्षंही पार करता आली नाहीत.

याच्या अगदी उलट टोक अमेरिकेत हार्वर्डने गाठलं होतं. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं तिथे अध्यक्ष होते. मूळचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी ग्रीक, लॅटिन, गणित यांची सक्ती एकेक करून काढली आणि विद्यार्थ्याला जवळजवळ मोकळं रान दिलं. त्यातून नवे विषय बहरले, चांगले शिक्षक आले. पण त्याचबरोबर असंही दिसू लागलं की पुष्कळ मुलं इकडचा एक आणि तिकडचा एक असे सुरुवातीचेच कोर्स गोळा करत पदवीपर्यंत पोचतात आणि कुठल्याच विषयात खोल उतरत नाहीत. एलियट यांच्यानंतर आलेल्या ए. लॉरेन्स लॉवेल यांनी मधला मार्ग काढला. एका क्षेत्रात ठरावीक कोर्स करून खोल जायचं आणि उरलेले कोर्स वेगवेगळ्या क्षेत्रांत विखरून घ्यायचे. आज आपल्या अर्जावर मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह हे रकाने दिसतात, त्यांचं मूळ घराणं हेच.

लॉवेल यांच्याच काळात त्या हार्वर्डमध्ये आपल्याकडचा एक मुलगा शिकत होता, दामोदर कोसंबी. गोव्यातल्या कोसबेंचा, १९०७ चा जन्म. वडील धर्मानंद कोसंबी पालीचे आणि बौद्ध धर्माचे पंडित, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलेले, कामासाठी हार्वर्डला जाणारे. १९१८ मध्ये त्यांच्याबरोबर दामोदर अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन बाहेर पडले. गणित पक्कं केलं होतं, त्याच्या जोडीला युरोपातल्या भाषा. इतिहासाचं किंवा संस्कृतचं औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. पुढे पुण्यात फर्ग्युसनमध्ये बारा-एक वर्षं त्यांनी गणित शिकवलं आणि त्याच पुण्यात चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या, नाण्यांकडे वळले. नाणं जितकी वर्षं हातांतून फिरतं तितकं झिजतं. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनाची सरासरी कमी होत जाते आणि त्यांच्या वजनांतला फरक वाढत जातो. कोसंबींनी जुनी नाणी बारकाईने तोलली, पडताळा म्हणून आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलली आणि संख्याशास्त्राच्या आधारे कुठली आधीची, कुठली नंतरची याचा क्रम लावायचा प्रयत्न केला. भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती १९४८ ला आली, भारतीय इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९५६ ला.

कोसंबींसारखी बुद्धी सगळ्यांना मिळत नाही आणि इथे मुद्दा बुद्धीचा नाही. मुद्दा आहे तो क्रमाचा. गणित आणि परक्या भाषा त्यांनी तरुणपणी, शिक्षकांसमोर बसून शिकल्या. इतिहास, संस्कृत, नाणकशास्त्र नंतर स्वतःहून पैदा केलं. हाच क्रम उलटा करून बघा. आधी इतिहासाची पदवी आणि चाळिशीत, नोकरी सांभाळून, एकट्याने संख्याशास्त्र. अशक्य नाही, पण जवळजवळ अशक्यच.

टेबलावर मांडायचं राहून जाणारं कारण ते हेच. जे पुढे एकट्याने शिकता येणार नाही, ते कॉलेजात आधी घ्यावं.

सगळं ज्ञान एका जातीचं नसतं. काही विषयांची पुस्तकं चांगली असतात, ती वाचली की माणूस पुष्कळ पुढे जातो. राज्यघटना, पक्षांचं राजकारण, स्वातंत्र्यलढा, हे ज्याला गोडी आहे त्याने वयाच्या तिशीत एसटीत बसून वाचलं तरी डोक्यात शिरतं. काही विषय मात्र जिन्यासारखे असतात. गणिताची चौथी पायरी तिसरीवर उभं राहूनच दिसते, आणि दुसरी गाळली तर तिसरीवर पाय ठरत नाही. काही विषय हातात असतात. टायट्रेशनमध्ये रंग बदलायच्या आधीचा शेवटचा थेंब कुठे थांबवायचा, हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण बोटांना ते प्रयोगशाळेतच कळतं. घरी ब्युरेट कुणाकडे असतं? आणि काही विषयांना दुसऱ्या माणसाची नजर लागते. आपण लिहिलेलं वाक्य आपल्याला नेहमी बरोबरच वाटतं. कुणीतरी लाल शाईने खाली रेघ ओढून 'म्हणजे काय?' असं लिहायला लागतं.

इथे कुणी म्हणेल की रामानुजन यांचं काय? ते तर गणित एकट्यानेच शिकले. खरं आहे. कार यांच्या एका जाडजूड पुस्तकातून, ज्यात हजारो सूत्रं होती आणि सिद्धता जेमतेम. पण त्यामुळेच काटेकोर सिद्धता म्हणजे काय याची रीत त्यांना केंब्रिजला, १९१४ नंतर, हार्डी आणि लिटलवूड या गणितज्ञांच्या सहवासात उमगू लागली. तेवढा एक जिना त्यांनाही कुणीतरी सोबत असतानाच चढता आला.

नव्या रचनेच्या आधीचा माझा एक विद्यार्थी होता. अर्थशास्त्र मुख्य विषय, वर्गात पहिला. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्याच्यावर माझं विशेष लक्ष. दहावीनंतर त्याने गणित सोडलेलं. पहिल्या वर्षी विज्ञान शाखेकडून सुरुवातीच्या गणिताचा एक ऐच्छिक कोर्स होता, दोन क्रेडिटचा. त्याने तो न घेता दुसरा घेतला, ज्यात प्रकल्पाची फाइल दिली की भरपूर मार्क मिळत. तो माझ्याकडे सहीला आला. मी अर्ज पाहिला आणि सही केली. त्याचे मार्क चांगले राहावेत एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

तिसऱ्या वर्षाला असताना त्याने एम.ए.साठी एका नामांकित संस्थेची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे आला. त्यात मागणी आणि पुरवठा होता, राष्ट्रीय उत्पन्न होतं, ते सगळं त्याला येत होतं. पण त्यांच्या मधेमधे विकलन होतं, सारणी होत्या, संभाव्यता होती. अर्थशास्त्राचा पुढचा रस्ता आज गणितातूनच जातो. एम.एस्सी.साठी आयआयटींची जी 'जॅम' परीक्षा असते, तिच्यात २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आला, त्यातही गणित आणि संख्याशास्त्र आहेच. हे मला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. सही माझी होती.

त्याने पदवीनंतर एक वर्ष पुण्यात खोली घेतली आणि अकरावी-बारावीचं गणित पहिल्या पानापासून केलं. दुसऱ्या प्रयत्नात त्याला प्रवेश मिळाला. पण ते एक वर्ष, ते भाडं, खाणावळीचे डबे आणि घरी वडिलांना फोनवर 'अजून चालू आहे' असं सांगण्याची पाळी या सगळ्याची किंमत त्या दोन क्रेडिटच्या चौकटीत भरलेल्या एका नावाने ठरवली. तेव्हापासून अर्थशास्त्र मेजर घेणाऱ्या प्रत्येक मुलाला मी गणिताचं किंवा संख्याशास्त्राचं ओपन इलेक्टिव्ह घ्यायला लावतो. काही नाराज होतात. पाच-सात मार्क कमी पडतात, एखाद्याला एटीकेटीही लागते. तरी मी आग्रह सोडत नाही.

दारं एकाच बाजूने उघडतात हे मुलांना सांगावं लागतं. गणित किंवा संख्याशास्त्र केलेला मुलगा पुढे अर्थशास्त्रात, व्यवस्थापनात, पत्रकारितेत जाऊ शकतो. उलट्या दिशेने फार थोडे जातात. अनेक आयआयटींत भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला नुसतं भौतिकशास्त्र पुरत नाही, पदवीत ठरावीक सत्रं गणितही असावं लागतं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या जोडीत गणिताला कायमची सुट्टी देणाऱ्याला हे तेव्हा दिसत नाही. आपल्या जुन्या पद्धतीत ही अडचण थोडी झाकली जायची. पुणे विद्यापीठात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक अशी उतरंड होती. मुंबईत तीन, दोन, एक. मुलांना फारसं निवडता येत नसे, पण दोन वर्षं दोन-तीन विषयांची सोबत आपोआप मिळायची. आता निवड मुलांच्या हातात आली, तशी चुकायची जागाही.

मग ओपन इलेक्टिव्ह कसं निवडावं? नावावरून तर मुळीच नाही. कोर्सची नावं अलीकडे फार देखणी असतात. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते, ती उघडून दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे शेवटचं प्रकरण. पहिलं प्रकरण सगळीकडे 'व्याख्या, स्वरूप, व्याप्ती आणि महत्त्व' असंच असतं, त्यातून काही कळत नाही. शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचताना पहिल्या प्रकरणाची गरज पडते आहे का, हे बघायचं. पडत असेल तर तो कोर्स कुठेतरी नेतो. प्रकरणं कशाही क्रमाने लावली तरी चालतील असं दिसलं, तर तेवढी माहिती पुढे पुस्तकातूनही मिळेल. दुसरी गोष्ट म्हणजे अंतर्गत मूल्यमापन. तिथे काय करून दाखवायचं आहे? मोजायचं आहे, लिहायचं आहे, बोलायचं आहे, की नुसती फाइल द्यायची आहे?

इतिहासाच्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. कुठेही मोडी लिपीचा कोर्स दिसला, ओपन इलेक्टिव्ह असो की कौशल्याचा, तर तो सोडू नका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद पडून आहेत, तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत जुन्या जमिनींच्या नोंदी मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं, तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती कमी आहेत हे सगळ्यांना दिसलं. मोडीची मुळाक्षरं पुस्तकातून पाठ होतात. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारकुनाने घाईत, लेखणी न उचलता ओढलेली ओळ फुटते ती शेजारी बसून कुणी 'इथून अक्षर सुरू होतं बघ' असं बोट ठेवून दाखवलं की. तीस तासांत माणूस मोडीचा जाणकार होत नाही, पण पुढचं स्वतः करण्याइतकी नजर येते.

भाषेच्या कोर्सबद्दलही तेच. मराठी आपलीच म्हणून मुलं ती 'स्कोअरिंग' म्हणून घेतात. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांत ज्याने आठवड्याला एक पान लिहून शिक्षकाकडून तपासून घेतलं, त्याने निम्मी पदवी मिळवली. पुढे आयुष्यात असं पान तपासून द्यायला कुणाला वेळ नसतो. साहेब फक्त परत पाठवतात.

एमपीएससीबद्दल मामांसारखे पुष्कळ पालक काळजीने विचारतात, म्हणून तेही सांगतो. राज्यसेवेला पदवी कुठल्याही शाखेची चालते. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था हे सामान्य अध्ययनात प्रत्येकालाच करावं लागतं, पदवीला ते विषय असोत वा नसोत. मग पदवीचे तिन्ही विषय त्या एकाच परीक्षेकडे तोंड करून कशाला घ्यायचे? परीक्षा देणाऱ्यांच्या मानाने पदं फार थोडी असतात. पदवीची सहा सत्रं अशी वापरावीत की पद नाही मिळालं तरी हातात काहीतरी उरेल.

हे सगळं लिहिताना मला आमच्या कॉलेजचा फलक डोळ्यांसमोर दिसतो. शहरातल्या मोठ्या स्वायत्त महाविद्यालयात ओपन इलेक्टिव्हची यादी दोन-तीन पानांची असते. आमच्याकडे एका शाखेतून पाच-सहा नावं, त्यातली दोन मागणी नसल्यामुळे रद्द होतात. कायम शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर सगळा भार आहे आणि कोणता कोर्स चालणार हे पुष्कळदा शिक्षक कोण मिळतो यावर ठरतं. 'स्वातंत्र्य' हा शब्द तालुक्याच्या गावी येईपर्यंत बराच आखडतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वरचे ऑनलाइन कोर्स यावर थोडा उतारा आहेत. नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यावरून घेता येतात आणि ते विद्यार्थ्याच्या क्रेडिट बँकेतल्या खात्यावर जमाही होतात. गेल्या वर्षी आमच्या दोन मुलींनी त्यावरून संख्याशास्त्र केलं. दोघी वाचनालयात एकाच फोनवर व्याख्यान लावून, कान लावून बसत. शिकवणं इंग्रजीत असल्याने एक ऐके, दुसरी लिही, मग दोघी मिळून अर्थ लावत. जोडीने केलं म्हणून ते पूर्ण झालं. एकटीने सुरू केलेल्या आणखी तिघींनी मध्येच सोडलं.

यादी छोटी असली तरी कोर्स सुरू झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस मुलांनी दोन-दोन वर्गांत बसून बघावं, असं मी सांगतो. विषय बदलायची मुदत थोडीच असते, पण असते. त्या दिवसांत शिक्षकही कळतो. चांगला शिक्षक असेल तर नावडता विषयसुद्धा पदरात पडतो, हे माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि मग पहिल्या वर्षाच्या शेवटी येतो तो खरा कठीण दिवस. तीनातला एक विषय सोडायचा. बहुतेक मुलं निकाल बघतात आणि सगळ्यात कमी मार्कांवर काट मारतात. मी त्यांना वही आणायला सांगतो. ज्या विषयाच्या वहीत खोडाखोड जास्त आहे, समासात प्रश्न लिहिले आहेत, एखादं गणित तीनदा केलेलं आहे, तो विषय मुलाने खरा शिकलेला असतो, मग मार्क ५५ का असेनात. स्वच्छ, कोरी करकरीत, एकदा उतरवून ठेवलेली वही ७५ मार्क देऊन गेली तरी तो विषय त्याच्या आत शिरलेला नसतो. हा काही शास्त्रीय कस नव्हे. पण एकवीस वर्षांत त्याने मला फारसं फसवलेलं नाही.

त्या पावसाळी दिवशी मी त्या मुलीला आणि मामांना घेऊन भूगोल विभागात गेलो. विभाग म्हणजे एक खोली, दोन लांब टेबलं, भिंतीला टांगलेला राज्याचा नकाशा आणि कोपऱ्यात सर्वेक्षणाचं प्लेन टेबल. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरचं वेळापत्रक काढून खोडरबर घेतलं आणि गावाबाहेरून येणाऱ्या मुलांची एक बॅच सकाळी साडेदहाला बसवली. त्यासाठी त्यांना स्वतःचा एक तास पुढे ढकलावा लागला. "साडेतीनला मोकळी होशील," त्या म्हणाल्या. मामांनी विचारलं, "मॅडम, याचा पुढं उपयोग काय?" मॅडमनी त्यांना जीआयएसबद्दल सांगितलं, उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनींचे, रस्त्यांचे, पाणलोटाचे नकाशे करणाऱ्या कामांबद्दल. मामा ऐकत होते. पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, पण मुलीने तिसऱ्या ओळीत भूगोल लिहिलं तेव्हा ते काही बोलले नाहीत.

डिसेंबरात मी त्या खोलीवरून जात होतो. टेबलावर भारतीय सर्वेक्षण विभागाचा आमच्या भागाचा नकाशा पसरलेला होता, ५० हजाराला एक या प्रमाणाचा, ज्यात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटीमीटर होतो. सात-आठ मुलं वाकून समोच्च रेषा मोजत होती. एका रेषेपासून दुसरीपर्यंत २० मीटरची चढण. ती मुलगी ओढ्याची निळी रेघ बोटाने वर वर नेत होती. रेषा जिथे दाटीने आल्या होत्या तिथे थांबून ती म्हणाली, "मॅडम, ही आमची घाटी. आणि वाडी ही इथं. पण हे नाव आमच्या वाडीचं नाही. हे पलीकडच्या वस्तीचं नाव आहे, चुकून इकडे छापलंय." मॅडमनी चष्मा लावला, नकाशाच्या जवळ गेल्या आणि तिला पेन्सिल दिली.